साखरेचं माप

"लोकांच्या घरी सुट्टीत माणसं येतात. आमच्याकडे धूळ येते."

हे सासूबाई बिस्किटांच्या ट्रेला म्हणाल्या. एका हातात ट्रे, दुसऱ्यात फडकं, आणि मी त्यांच्या कोपराला कोपर लावून भांडी जागेवर ठेवत होते. आमचं स्वयंपाकघर एवढंसं आहे. त्यात कुणी स्वतःशी म्हणून पुटपुटू शकत नाही, सगळं शेजारच्याच्या खात्यात जमा होतं.

"काही म्हणालात, आई?"

"तुला नाही गं. ट्रेला."

इतक्या वर्षांच्या संसारात मी एक गोष्ट शिकले आहे. सासूबाई माणसांशी बोलत असतील तर काळजी नसते. त्या वस्तूंशी बोलायला लागल्या की माणसांनी सावध व्हावं.

आमच्या घरात मोठ्या सुट्टीत बिस्किटं होतात. विकत मिळत नाहीत म्हणून नव्हे. विकतची मिळतात, आणि कुणाला सांगू नका, पण दिसायला ती आमच्यापेक्षा बरी असतात. तरी आमच्याकडे होतात, आणि ती करायची एक रीत आहे. ही रीत मी दवाखान्यात सांगितली (मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, नंबर लावते आणि रडणाऱ्या मुलांना खोटा धीर देते), तेव्हा डॉक्टरीणबाई आधी हसल्या आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागल्या.

रीत अशी. सासूबाईंना नातवंडं तीन. माझी मुलगी, माझा मुलगा आणि मोठ्या दिरांची मुलगी. नातवंड शाळेत जायला लागलं की सासूबाई त्याला बाल्कनीत न्यायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि त्याच्या कानात बिस्किटांचं एक माप सांगायच्या. माझ्या मुलीला लोण्याचं, मुलाला पिठाचं, पुतणीला साखरेचं. आपलं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, आईबापांना तर मुळीच नाही. घालायची वेळ आली की ज्याचं माप त्यानं घालायचं आणि बाकी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आपापल्या ऑफिसात जरा मान असलेली चार मोठी माणसं स्वयंपाकघरात भिंतीचा रंग बघत उभी आहेत आणि मागे एक पोरगी कपाने साखर मोजते आहे, हे दृश्य आमच्या घरात दर सुट्टीत असायचं. मी आणि जाऊबाईंनी एकदा वळून बघायचा प्रयत्न केला, तर पुतणीने हातातली साखर डब्यात परत ओतली आणि आम्हाला दोघींना बाहेर काढलं.

तेव्हापासून मुलांची नावंच तशी पडली. लोणी, पीठ आणि साखर. लोणी आता कॉलेजात आहे, पिठाला मिसरूड फुटायला आलंय, तरी सुट्टी लागली की घरात "साखर निघाली का गं?" आणि "पीठ अजून आंघोळीला गेला नाही" असंच बोललं जायचं.

मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं, "आई, सगळी मापं एकालाच का नाही सांगत?"

त्या म्हणाल्या, "सगळं एकालाच दिलं की बाकीचे यायचे बंद होतात."

म्हातारपणीची लहर म्हणून मी तेव्हा सोडून दिलं. मी बऱ्याच गोष्टी अशा सोडून देते आणि मग त्या फिरून माझ्याच स्वयंपाकघरात येतात.

तर या वर्षी. भिजवलेली बिस्किटं आम्ही कायम कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजून आणत असू. दुपारी पाव निघून गेले की बेकरीवाला त्याच्या गरम भट्टीत आमचे ट्रे सरकवू द्यायचा. ती बेकरी बंद झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ही बातमी लोणीने जेवताना सांगितली, आणि मग ताटावरून सगळ्यांच्या माना एकदमच वर झाल्या, बेडरूममधल्या कपाटाच्या दिशेने, आणि तितक्याच एकदम खाली आल्या.

कपाटावर ओव्हन होता.

ओव्हन गेल्या सुट्टीत मोठ्या भाऊजींनी आणला होता. खोक्यासकट, लाल फीत बांधून. म्हणाले, "आईला त्या भट्टीपर्यंत किती वर्षं चालवणार? घरातच भाजा आता." वाक्य एवढंच. पण आमच्या ह्यांना ते वेगळंच ऐकू गेलं असावं, कारण हे म्हणाले, "आमच्या घरात काय हवं नको ते आम्ही बघू, दादा." भाऊजी म्हणाले, "बरं."

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. आरडाओरड्याचं भांडण संध्याकाळपर्यंत दमतं. "बरं" म्हणून संपलेलं भांडण दमत नाही. ते कपाटावर जाऊन बसतं आणि त्याच्यावर हळूहळू जुन्या चादरी, सूटकेस आणि हिवाळ्यातल्या रजया चढतात. त्यानंतर भाऊजींकडचं कुणी आमच्याकडे आलं नाही, आमचं कुणी त्यांच्याकडे गेलं नाही, आणि कुणी विचारलं की घरातून एकच ठरलेलं उत्तर निघायचं, "दादांना हल्ली वेळ नसतो." हे उत्तर आम्ही इतक्यांदा दिलं की मला कधी कधी भाऊजींची खरंच दया यायची, बिचाऱ्यांना किती काम.

जेवणं झाल्यावर हे हात पुसत म्हणाले, "वस्तू पडून राहिली की खराब होते. वापरात असलेली बरी."

कुठली वस्तू, ते कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी ट्रे घेतला आणि पुन्हा घासायला लागल्या. तो आधीच चकाकत होता.

दुसऱ्या दिवशी हे स्टुलावर चढले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दारातून बघितलं आणि सल्ला दिला, "आधी सूटकेस काढा." ह्यांना सल्ला दिलेला आवडत नाही, म्हणून ह्यांनी आधी खोकं ओढलं. सूटकेस आली, रजया आल्या, चादरी आल्या आणि शेवटी खोक्याचा तळ उघडून ओव्हन एकटाच आला, ह्यांच्या पायाच्या अंगठ्यावर. ओव्हनला काही झालं नाही. हे पलंगावर जाऊन बसले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मी बर्फ आणला तेव्हा म्हणाले, "मजबूत आहे." मला आधी वाटलं अंगठ्याबद्दल बोलतायत.

मग प्लग. ओव्हनचा प्लग जाड निघाला. आमच्या स्वयंपाकघरातली भोकं बारीक. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्डाचं झाकण काढलं, आत डोकावला आणि आमच्या डॉक्टरीणबाई किडलेली दाढ बघून जसा सुस्कारा टाकतात तसा टाकला.

"ही वायर कुणी टाकली?"

"आम्ही यायच्या आधीची आहे," मी म्हटलं, जणू माझ्यावरच आळ आलाय.

"हिच्यावर एवढं मोठं मशीन चढवाल तर भिंत पेटेल. या घरात दमदार पॉइंट एकच आहे, ताई. बाथरूममधला, गीझरचा."

नवी वायर टाकायला तो परवा येणार होता. शहाण्या माणसांनी परवापर्यंत थांबायला हवं होतं. पण ह्यांचा अंगठा सुजला होता आणि सुजलेल्या अंगठ्याच्या माणसाला थांबा म्हणायची माझी हिंमत नव्हती. हे म्हणाले, "नुसता तापवून तर बघू, चालतो की नाही. चालला नाही तर परत पाठवता येईल." कुणाकडे परत पाठवता येईल, ते पुन्हा कुणी विचारलं नाही.

बाथरूममध्ये बादली उलटी घातली, तिच्यावर पाट, पाटावर ओव्हन. पिठाला कोरडा नॅपकिन देऊन पहारेकरी नेमलं. सासूबाई दाराबाहेर खुर्ची घेऊन बसल्या, मांडीवर हात. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की आता घरातल्या माणसांनी आंघोळ कुठे करायची. ह्यांनी गीझर काढून ओव्हन लावला, बटण फिरवलं, आतला दिवा लागला आणि लोणीने टाळी वाजवली.

त्यानंतर अख्ख्या जिन्याचे दिवे गेले.

थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. काका इमारतीचे सेक्रेटरी आहेत आणि आयुष्यात ते कधी इस्त्रीशिवाय दारात आले नव्हते. आज ते बनियनवर आले होते, हातात दाढीचं विजेचं मशीन होतं, आणि मिशी डाव्या बाजूला होती, उजव्या बाजूला नव्हती.

"काय चालवलंय काय?" काकांनी विचारलं.

"बिस्किटं," पीठ म्हणालं, नॅपकिन हातात घेऊन, बाथरूमच्या दारातून.

काकांनी बाथरूममध्ये बघितलं. बादलीवरचा पाट बघितला, पाटावरचा ओव्हन बघितला, गीझरला लोंबकळणारी वायर बघितली. मग ते माझ्याकडे वळले. घरातला पुरुष शेजारी उभा असताना असल्या प्रसंगी सगळे माझ्याकडेच का वळतात, ते मला अजून कळलेलं नाही.

"वहिनी, तुम्ही तरी."

एवढंच म्हणाले. त्या तीन शब्दांनी मला जितकं लागलं तितकं अंगठ्यावर ओव्हन पडून ह्यांना लागलं नसेल. वर काकांनी फर्मान काढलं, वीज कार्यालयाची लेखी परवानगी आणल्याशिवाय या इमारतीत हे मशीन चालू होणार नाही.

म्हणून मी दवाखान्यातून अर्धी सुट्टी काढली आणि आम्ही दोघं वीज कार्यालयात गेलो. हे लंगडत, मी दमलेली. त्या कार्यालयात एक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे पाठवते आणि दुसरी पहिलीकडे. मधल्या बाकावर एक आजोबा इतक्या शांतपणे बसले होते की हे इथे कामाला आहेत की कामासाठी आलेत, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर चष्मेवाल्या कारकुनाने आम्हाला समोर बसवून घेतलं.

"मशीन कशासाठी?"

"बिस्किटांसाठी," हे म्हणाले.

"धंदा?"

"नाही हो, घरचीच. आई करते. म्हणजे मुलं करतात. म्हणजे आई मुलांकडून करून घेते."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, खरं आहे अशी.

"मशीनची पावती?"

"पावती नाही. भेट मिळालंय."

"कुणाकडून?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे एक बंद पंखा आणि एक भिंत होती.

"आहेत एक," हे म्हणाले. "ओळखीचे."

मी पायातल्या चपलेकडे बघितलं. कारकून चष्मा कपाळावर चढवून हसला. "नुसत्या ओळखीवर लोक एवढा मोठा ओव्हन देतात? दांडगी ओळख दिसते."

"होती," हे म्हणाले.

बाकावरच्या आजोबांनीसुद्धा मान वळवून बघितलं. मी पर्स उघडली, उगीच आत हात घातला आणि परत बंद केली. मला वाटलं होतं कारकून आता पावती घेऊन या म्हणून परत पाठवणार. पण त्याने थोडा वेळ ह्यांच्या लंगड्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे बघा, घरात एक ओव्हन लावायला आमची परवानगी लागत नाही. चांगला वायरमन लागतो."

"मग पावती कशाला विचारलीत?" मी विचारलं.

"विचारायची पद्धत आहे," तो म्हणाला.

पद्धतीपुढे काय बोलणार. आमच्या घरात तर आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहतो.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"पावती मागत होते. मग नको म्हणाले," मी सांगितलं. ओळखीच्या माणसाचं मी सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग ट्रेकडे वळल्या. "पावती ज्यानं घेतली त्याच्याकडे असेल," त्या ट्रेला म्हणाल्या. "घर काही त्याने बदललेलं नाही."

वायरमन आला, नवी वायर टाकून गेला. काकांनी स्वतः उभं राहून खात्री करून घेतली. त्यांनी उरलेली मिशीही काढून टाकली होती, त्यामुळे ते कुणीतरी दुसरेच वाटत होते आणि मला त्यांच्याशी बोलताना उगाच परकं वाटत होतं. ओव्हन स्वयंपाकघरात ओट्यावर बसला. त्यामुळे मिक्सर बेडरूममध्ये गेला, मिक्सरमुळे इस्त्री पलंगाखाली गेली, आणि इस्त्री सापडेना म्हणून मी चुरगळलेल्या साडीत दवाखान्यात गेले. पण ओव्हन चालला. आत दिवा लागला, बाहेर अंधार झाला नाही. आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहून तो दिवा बघत होतो.

रविवारी पातेलं मध्ये आलं. सासूबाई खुर्चीवर, मांडीवर हात. दांडी तुटलेला तो कप, ज्याने सगळी मापं चालतात, तोही आला. आम्ही भिंतीकडे वळलो, लोणीने लोणी घातलं. आम्ही पुन्हा वळलो, पिठाने पीठ घातलं. मग आम्ही सवयीने परत एकदा वळलो.

भिंतीकडे तोंड करून आम्ही बराच वेळ उभे होतो. मागे काहीच वाजलं नाही.

"आई," हे शेवटी भिंतीलाच म्हणाले, "साखर किती?"

"मला काय माहीत?" सासूबाई म्हणाल्या. "मी ती देऊन टाकली."

"पण तुला पाठ असेल ना."

"एकदा दिलेलं मी पाठ ठेवत नाही."

आता ही बाई स्वतःच्या लग्नात कोण कुठल्या रंगाचं नेसून आलं होतं ते सांगते. पण ज्या घरात सगळे "दादांना वेळ नसतो" म्हणतात, तिथे त्यांना तोंडावर खोटं कोण म्हणणार?

हे म्हणाले, "साखरच आहे. अंदाजाने घालू." इथून पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं की माझे अजून हात दुखतात.

पहिल्या घाण्यात साखर कमी पडली. बिस्किटं घट्ट आणि निर्विकार झाली. मी ती दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी एक तोंडात घातलं, गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "कुणी केलीत? आपल्याकडे पेशंट पाठवायला त्यांना सांगायची गरजच नाही." वरच्या बाईंनी सल्ला दिला की साखर मुळातच विष आहे, मध घाला. दुसरा घाणा मधाचा. तो ट्रेवर पसरून एकच मोठं बिस्किट झालं, आणि ते काढताना सुरीचं टोक मोडलं. खालचे काका म्हणाले, नेहमी दुप्पट घालावी, म्हणजे चूक झाली तरी गोडच होते. तिसरा घाणा दुप्पट साखरेचा. तो कडेने काळा झाला, मध्ये वितळला, आणि घरभर असा धूर झाला की मिशी नसलेले काका पुन्हा वर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते उतरले. दुप्पट त्यांनीच सांगितली होती.

या सगळ्यात प्रत्येक वेळी ट्रे मी घासला. प्रत्येक वेळी हे पहिलं बिस्किट तोंडात घालून म्हणाले, "हं, अगदी तीच चव." आणि प्रत्येक वेळी दुसरं उचललं नाही. सासूबाईंनी एकही चाखलं नाही. त्या खुर्चीवर बसून होत्या, मांडीवर हात, दाराकडे तोंड. बेकरीत बिस्किटं भाजताना त्या कायम भट्टीकडे तोंड करून बसायच्या, आणि पहिल्या घाण्याला ओव्हनकडे तोंड करूनच बसल्या होत्या. या वेळी खुर्ची दाराकडे कधी वळली ते मला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा मी हातातला ट्रे खाली ठेवून जरा वेळ नळ नुसताच चालू ठेवला.

चौथ्या घाण्याला पीठ भिजवून ठेवलं होतं. लोणी ओट्याला टेकून उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत लोण्याने माखलेले, चेहरा असा की कुणी काही बोललं तर रडेल.

"आजी, सांग ना," ती म्हणाली. "आता पुरे झालं."

"मी मागायला जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "ज्याला हवी त्यानं मागावी."

तेव्हा पीठ म्हणालं, "मी मागितली होती."

सगळे त्याच्याकडे वळले. तो नखातलं पीठ काढत होता.

"साखरेला फोन केला मी. परवा. ती म्हणाली, फोनवर सांगायचा नियम नाही. आजीने कानात सांगितलंय, समोर उभी राहूनच घालणार." तो थांबला. "तिने पिशवीसुद्धा भरून ठेवलीय म्हणे. सुट्टी लागल्यापासून भरलेलीच आहे."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याच घरातल्या ओट्याकडे बघत मी, इतक्या महिन्यांची सवय म्हणून, थकून, तोंडात आलेलं ठरलेलं उत्तर दिलं, "अरे, दादांना हल्ली वेळ नसतो."

ओव्हन तापून तयार झाला आणि टिंग करून वाजला. हे त्याच्यासमोर उभे होते, एका पायावर भार देऊन. ह्यांनी दार उघडलं, आत बघितलं. आत काहीच नव्हतं, नुसती ऊब होती. ह्यांनी दार परत लावलं.

"त्याला वेळ आहे," हे म्हणाले. "आपण त्यांना बोलावलेलंच नाही, आई. मी बोलावलं नाही. त्याने मला ओव्हन दिला आणि मी त्याला घरातून घालवलं."

मग सासूबाईंनी मांडीवरचे हात उचलले आणि खुर्ची ओव्हनकडे वळवली.

"हां," त्या म्हणाल्या. "मग आता साखर येईपर्यंत तो बंद करू नकोस."